कॅसेट म्हणजे जुनी प्लेलिस्ट नव्हे

‘नव्वदच्या दशकातली पोरं कॅसेट भरून घ्यायची, आजची प्लेलिस्ट करतात, फरक फक्त यंत्राचा’ हे एका लेखातलं विधान पटलं नाही. फरक जागेचा आहे. 60 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची. हिंदी गाणं सरासरी 5 मिनिटांचं धरलं तर जेमतेम सहा बसणार. कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात गाण्यांची यादी देताना शेवटी एखादं छोटं गाणं जादा लिहायचं, नाहीतर सातवं अंतऱ्यातच तुटायचं. 90 ची घेतली की जागा वाढते, पण फीत पातळ होते: 60 ला साधारण 18 मायक्रॉन, 90 ला 12. रबरी रोलरवर मळ साचलेला असला की हीच पातळ फीत त्याला गुंडाळली जाते. म्हणून कापसाचा बोळा आणि स्पिरिट टेपशेजारीच असायचं. (अत्तर लावणारेही होते, त्यांच्या हेडची, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाची, अवस्था विचारू नका.)

आणि पुसलं जाण्याचं काय? घरात टेप एक, हात अनेक. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. फितीची उघडी कड खाली धरली तर समोरच्या बाजूचा तुकडा डावीकडे येतो. तो तोडला की त्या बाजूसाठी रेकॉर्डचं बटण दबतच नाही. घाईत उजवा तोडला तर भलतीच बाजू सुरक्षित, आणि हवी ती धाकट्या भावाच्या तावडीत. पुन्हा भरायचीच असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी. प्लेलिस्टमध्ये यातलं नेमकं काय आहे?