डोसा आला, नूडल्स कुठाय?

सराफ्यात मोमो असावेत की नसावेत, यावर इंदूरात जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकीवरही होत नसतील. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की रात्री त्याच दुकानांपुढे खाण्याची दुकानं लागायची, ही तिथली जुनी रीत. भुट्टे का कीस, गराडू (तळलेला कंद), मावाबाटी, साबूदाणा खिचडी. मग त्यांच्या मधोमध मोमो, चायनीज, पिझ्झा शिरले. सराफांनी गर्दीची आणि गॅसच्या शेगड्यांची तक्रार केली, महापालिकेनं पारंपरिक पदार्थांचीच दुकानं ठेवायची भूमिका घेतली, आणि रामबागेतल्या आमच्या घरात दोन तट पडले. बाबा परंपरेच्या बाजूनं, भाचा मोमोंच्या.

हेच बाबा, सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेचं नाटक सुटलं की सगळ्यांना घेऊन शहरातल्याच विजयनगरच्या एका मल्टीक्विझीन हॉटेलात जातात. तिथलं मेन्यूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं जाड आहे. पंजाबी, साउथ, चायनीज, इटालियन, मेक्सिकन, आणि शेवटच्या पानावर ‘उपवास स्पेशल’. बाबा कार्ड उघडतच नाहीत. त्यांना व्हेज मंचुरियन लागतं, ग्रेव्हीवालं.

मी ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला राहते, त्यामुळे या वादात मला मत नाही असं घरचे धरून चालतात. पण जायच्या आधी दादा त्या हॉटेलचे रिव्ह्यू मला पाठवतो, आणि ते वाचायला मला मेन्यूपेक्षा जास्त आवडतं. फॅमिलीसाठी बेस्ट, एसी मस्त, पार्किंगची बोंब. मंचुरियन गोड. सिझलरला धूर चांगला होता. वेटरभियानं बर्थडेचं गाणं लावलं, पाच स्टार. डोसा आला तेव्हा नूडल्सचा पत्ता नव्हता, आणि नूडल्स आले तेव्हा डोसा खाऊन झाला होता, एक स्टार. आणि मधूनच कुणीतरी पुण्या-मुंबईहून आलेला लिहितो की पास्ता ऑथेंटिक नाही.

या शेवटच्या माणसाचं मला नवल वाटतं. विजयनगरात दहा जणांच्या टेबलावर बसून, शेजारी कुणी पावभाजी खात असताना, ऑथेंटिक इटालियन मागायचं म्हणजे एसटी स्टँडवर विमानाची वेळ विचारण्यासारखं आहे. पण हा रोग मला इथेही रोज दिसतो. ब्रिटनमधली बरीचशी ‘इंडियन’ हॉटेलं बांगलादेशी, त्यातही सिल्हेटकडच्या लोकांनी काढलेली. 2001 साली इथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला खरीखुरी ब्रिटिश राष्ट्रीय डिश म्हटलं होतं. नुकताच भारतातून आलेला मुलगा अशा हॉटेलात जातो, ही आपल्याकडची चव नव्हे म्हणून दोन तारे देतो, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिथेच जातो. तिथल्या आचाऱ्यानं कधी म्हटलं होतं की ही तुमच्याकडची चव आहे?

आणि बाबांच्या परंपरेचं काय? आपल्या घरी कांदेपोहे फोडणीत परततात. इंदुरी पोहे वाफेवर गरम राहतात, वर शेव, जिरावण (इंदुरी मसाला), बारीक कांदा, मिळाले तर डाळिंबाचे दाणे, बडीशेपेची चव, आणि शेजारी जिलबी. साताऱ्याहून आलेल्या मावशीनं पहिल्यांदा ते खाल्ले तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आज तेच पोहे शहराची ओळख आहेत. पन्नास वर्षांनी सराफ्यातला जिरावण टाकलेला मोमो परंपरेत बसला नसेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल? तरी सराफ्यापुरती मी बाबांच्या बाजूनं आहे. गल्ली अरुंद आहे, गराडू हिवाळ्यातच मिळतो, आणि मोमो अख्ख्या शहरात कुठेही मिळतात.

हॉटेलचा हिशेब मात्र वेगळा. मल्टीक्विझीन हॉटेल चालतं ते एका कुटुंबातल्या माणसांचं एका पदार्थावर एकमत होत नाही म्हणून. आत्याची चतुर्थी, वहिनीला तिखट चालत नाही, भाचीला पिझ्झाच हवा, आजोबांना दात नाहीत. कार्डिफमध्ये सिटी रोडवर निघालात तर एकाच रस्त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या देशांचं जेवण मिळतं, पण दुकानागणिक देश वेगळा. चौघं मित्र असाल तर ठीक. चतुर्थीवाली आत्या बरोबर असेल तर कुठे जाणार? (पबमध्ये लझान्या, बर्गर आणि करी एकाच कार्डावर असतात, पण त्याला कुणी मल्टीक्विझीन म्हणून नावं ठेवत नाही.)

डिसेंबरात मी घरी गेले तेव्हा आम्ही सगळे त्याच हॉटेलात गेलो. डोसे आले, नूडल्स नाहीत. दादानं नेहमीप्रमाणे ‘मॅनेजरको बुलाओ’ केलं. मॅनेजर आला तेव्हा मी म्हटलं, किचन बघू का? बाबा ओशाळले. “अगं, आपण काय इन्स्पेक्टर आहोत का?” मॅनेजर जरासा अडखळला, पण म्हणाला, “आओ ना दीदी.”

आत गेल्यावर त्या एका ताऱ्याच्या रिव्ह्यूचं कोडं सुटलं. किचन एक नाही, चार आहेत. एका कोपऱ्यात तंदूर. मधे पंजाबीचं काउंटर, तिथे पांढरी, लाल आणि पिवळी ग्रेव्ही सकाळीच करून मोठ्या पातेल्यांत ठेवलेली. ऑर्डर आली की पनीर टाकून दोन मिनिटांत बाहेर. पलीकडे डोशाचा लांबलचक तवा. आणि भिंतीशी चायनीजची भट्टी, तिच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. टेबलाची ऑर्डर घेतली की तिच्या चिठ्ठ्या, म्हणजे केओटी, फाटून चारही काउंटरवर जातात. त्या रात्री भट्टीपाशी एकच आचारी होता आणि समोर चिठ्ठ्यांची रांग. डोसेवाला मोकळा होता, म्हणून त्यानं डोसे लावून टाकले. चांगल्या हॉटेलात पास-काउंटरवर, म्हणजे ताटं किचनमधून बाहेर जातात तिथे, एक माणूस उभा असतो, जो ओरडून सांगतो की अमुक टेबलाचा डोसा आत्ता लावू नकोस, नूडल्स निघू दे. इथे तो माणूस नव्हता. म्हणजे तक्रार खरी होती, पण ‘स्लो सर्व्हिस’ एवढं लिहून मालकाला काय कळणार?

इथे वेल्समध्ये 2013 पासून प्रत्येक हॉटेलला दारावर स्वच्छतेचा आकडा लावावाच लागतो, 0 ते 5, हिरव्या-काळ्या स्टिकरवर. इंग्लंडात आकडा मिळतो, पण दारावर लावायची सक्ती नाही. वेल्समध्ये फोनवर विचारलंत तरी सांगावा लागतो. तपासनीस अन्न कसं हाताळतात, जागा कशी आहे, नोंदी ठेवतात का, एवढंच बघतो. चवीशी त्याला घेणंदेणं नाही. आमच्या घराजवळ एक ठिकाण आहे, दारावर 5 आणि डाळ अशी की पाण्यात हळद. पण मला निदान कळतं की तो 5 कशाचा आहे. आपल्याकडे एसी, पार्किंग, बर्थडेचं गाणं आणि पनीर, सगळं एका ताऱ्यात कोंबलेलं. 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येणारं शहर, ओला-सुका कचरा न चुकता वेगळा करणारी माणसं, आणि हॉटेलच्या बिलावर छापलेला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर कुणी वाचत नाही. एफएसएसएआयची स्वच्छता रेटिंगची योजना आहे, पण ती ऐच्छिक. इंदूरला ती सक्तीची करून दाखवायला काय हरकत आहे?

दुसऱ्या एका बाबतीत मात्र मी इंदूरच्या बाजूनं आहे. ब्रिटनमधला गिऱ्हाईक वेटरला हसून ‘लव्हली, थँक यू’ म्हणतो, घरी जातो आणि रात्री अकराला एक तारा ठोकतो. बिचाऱ्या वेटरला कळतच नाही काय चुकलं. दादा तिथल्या तिथे मॅनेजरला बोलावतो, आवाज चढवतो, पदार्थ बदलून घेतो, आणि जाताना त्याच वेटरला टीप देतो. मला ते बघताना अवघडायला होतं, पण हिशेब टेबलावरच मिटतो.

उरला प्रश्न विकतच्या ताऱ्यांचा. बिल देताना काउंटरवरची पाटी दिसली: पाच स्टार दाखवा, डेझर्ट फ्री. भाचीनं तेवढ्यात फोन काढला होता. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 पासून खोटे रिव्ह्यू आणि आमिष दाखवून घेतल्याचं लपवलेले रिव्ह्यू कायद्यानं बंद आहेत. भारतात 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी एक मानक काढलं गेलं, तेही ऐच्छिक. गुलाबजामाच्या वाटीपुढे ते टिकेल असं वाटत नाही.

मी स्वतः मग एक रिव्ह्यू लिहायला घेतला. दहा जण होतो. डोसे वेळेवर, नूडल्स फार उशिरा. मंचुरियन गोड, पण बाबांना तसंच आवडतं. उपवासाची खिचडी मोकळी आणि सैंधव घातलेली, आत्या खूश. किचन मागितल्यावर दाखवलं, ओटा स्वच्छ, ग्रेव्हीच्या पातेल्यांवर झाकणं होती पण तारखा नव्हत्या. पासवर एक माणूस ठेवा. साडेतीन तारे द्यायचे होते, अर्धा देता येत नाही म्हणून चार दिले. दादानं वाचलं आणि म्हणाला, एवढं कोण वाचणार, पार्किंगचं लिही.

पार्किंग खरंच नाही. स्कूटरनं जा.