वरच्या आजोबांचा पेपर अजून कडीतच आहे

गेल्या महिन्याभरातल्या आमच्या गल्लीतल्या ठळक घडामोडी. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर दोनदा उडाला, दोन्ही वेळा रात्रीच. करड्या मांजरीने पार्किंगमधल्या एका बंद स्कूटरखाली पिलं घातली, त्यामुळे वर्षभर 'उद्या दुरुस्तीला टाकतो' म्हणणाऱ्या मालकाला आता पुढचे दोन महिने तरी सबळ कारण मिळालंय. मागच्या बिल्डिंगच्या टाकीचा बॉलकॉक अडकून रात्रभर पाणी वाहिलं, आणि सकाळी ज्याच्या लक्षात आलं त्यालाच सगळ्यांनी दोष दिला. मुलं रात्री दिव्याखाली बॅडमिंटन खेळतात, कारण दिवसा कोर्टाच्या फरशीवर पाय ठेववत नाही. आतापर्यंत सात फुलं आमच्या गच्चीच्या पत्र्यावर गेलीत.

यातलं काहीही पेपरात येणार नाही, यायची गरजही नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात मला याच बातम्या सगळ्यात महत्त्वाच्या वाटायला लागल्यात. हे लिहिणारा माणूस वर्षानुवर्षं समोरच्या काकूंची नजर चुकवून मागच्या गेटने घरात शिरत आलाय, एवढं आधीच सांगून टाकतो.

काकू म्हणजे आमच्या गल्लीचं बातमीपत्र. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचपासून दिवे लागून तासभर होईपर्यंत बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं, हा त्यांचा नेम. कोण कधी गेलं, कोणाचं पार्सल कोणाकडे पडलंय, कोणाचा आज खोकला वाढलाय, सगळं त्यांना ठाऊक. मी त्यांना मनातल्या मनात भोचक म्हणायचो. मनातल्या मनात म्हणजे, बायकोसमोर मोठ्याने.

तर मागच्या मंगळवारची गोष्ट. आदल्या रात्री वीज गेली ती पहाटे आली. झोप कोणाचीच झाली नव्हती. मी अकराच्या सुमाराला कुलूप लावून निघालो होतो, तेवढ्यात वरून हाक आली.

"अरे, वरच्या आजोबांचा पेपर अजून कडीतच आहे बघ."

मी म्हटलं, "झोपले असतील काकू. रात्रभर लाइट नव्हती."

"झोपतोय कसला! साडेपाचला उठणारा माणूस तो. कुंड्यांना पाणीही घातलेलं नाही आज. जरा वर जाऊन बघ."

खरं सांगतो, मला वैताग आला होता. उशीर होत होता. तरी 'बघून येतो' म्हणून दोन जिने चढलो, ते केवळ काकूंनी संध्याकाळी पुन्हा विचारलं तर उत्तर असावं म्हणून. बेल वाजवली, काही नाही. परत वाजवली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दार उघडेना. तोवर काकू गुडघे धरत स्वतःच वर आल्या होत्या. हातात किल्ली. आजोबांच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते, हे मला शेजारी राहून नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

आत भट्टी. वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब, खिडक्या घट्ट बंद. पंखा पाचावर, आणि तो गरगरा फिरून गरम हवाच खोलीभर फेकत होता. आजोबा खुर्चीत बसलेले, अंगात बाहेर जायचा शर्ट, एकाच पायात बूट. मला बघून म्हणाले, "मीटिंग किती वाजता आहे? गाडी आली का?" माणूस निवृत्त होऊन वीस वर्षं झालीत. मी हात धरला तर चटका बसावा असा, आणि घामाचा टिपूस नाही.

मी पाण्याचा ग्लास भरून त्यांच्या तोंडाला लावणार होतो. काकूंनी तो हिसकावला आणि सरळ त्यांच्या छातीवर ओतला. नंतर डॉक्टरही तेच म्हणाले: बरळणाऱ्या, नीट शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी अंग गार करायचं. चादर ओली करून गुंडाळायची, वारा घालायचा, मानेला आणि काखेत गार पट्ट्या, आणि हे करता करताच दवाखान्याची सोय करायची. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो उष्माघात धरूनच चालायचं.

पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "असं कधीपासून बोलतायत?" मी गप्प. काकू म्हणाल्या, "काल साडेसातला खिडकी लावताना माझ्याशी बोलले तेव्हा अगदी नीट होते. 'आज वारा पडलाय' म्हणाले." दुसरा प्रश्न, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी परत गप्प. काकू म्हणाल्या, "बीपीच्या दोन. त्यातली सकाळची घेतली की सारखं बाथरूमला जावं लागतं, म्हणून बाहेर जायचं असलं की ते ती टाळतात. काल-परवा मात्र कुठे गेले नव्हते, म्हणजे घेतलीच असणार." डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. लघवीवाटे पाणी बाहेर काढणारी गोळी, वर हा उकाडा, आणि त्यात वय. म्हातारपणी तहान कमी लागते, घामही कमी येतो, हे मला तिथे बाकड्यावर बसल्यावर कळलं.

ज्याला मी नऊ वर्षं भोचकपणा म्हणत होतो, तो त्या दिवशी केसपेपरवर पेशंटचा इतिहास म्हणून उतरला.

आजोबा चार दिवसांनी घरी आले. ते बरे आहेत आणि आता या विषयावर बोललं की चिडतात. म्हणून मी त्यांच्याशी न बोलता तुमच्याशी बोलतोय.

त्या चार दिवसांत मी रात्री जागून वाचत बसलो. (वीज नव्हतीच, फोनच्या उजेडात.) 1995 च्या जुलैत अमेरिकेत शिकागो शहरावर उष्णतेची लाट आली. 13 जुलैला पारा 41 अंशांपर्यंत गेला. त्या एका आठवड्यात नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त दगावली, त्यात कितीतरी एकटी राहणारी म्हातारी माणसं. एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नंतर दोन वस्त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्ही एकमेकींना लागून, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध भरपूर. ऊन तर एकच. तरी पहिल्या वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट. फरक कशाचा, तर पहिल्या वस्तीत दुकानं बंद पडलेली, प्लॉट ओसाड, माणसं दार लावून आत. दुसरीत फुटपाथवर वर्दळ, दुकानं उघडी, म्हातारी माणसं रोज पाय मोकळे करायला बाहेर पडणारी, आणि दिसली नाहीत तर कोणीतरी विचारणारं.

मला हे वाचून आमचीच गल्ली दिसली. आमच्याकडे साउथ लॉनडेल म्हणजे काकूंची खुर्ची. तेवढीच. ती खुर्ची उचलली की आम्ही सगळे पलीकडच्या वस्तीत.

फ्रान्सची गोष्ट याहून वाईट. 2003 च्या ऑगस्टमधल्या लाटेत तिथे सुमारे 15,000 माणसं जास्त मेली. ऑगस्ट हा तिथला सुट्टीचा महिना. मुलं-नातवंडं समुद्रावर, शेजारी गावाला, आणि म्हातारी माणसं पत्र्याखालच्या वरच्या मजल्यांवर एकटी. कित्येकांचे मृतदेह घ्यायला कोणी आलंच नाही. 3 सप्टेंबरला पॅरिसजवळच्या थिए इथल्या दफनभूमीत अशा 57 जणांना मूठमाती दिली गेली, त्याला राष्ट्राध्यक्ष जाक शिराक स्वतः हजर होते. राष्ट्राध्यक्ष आले आणि शेजारी आले नाहीत, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानंतर तिथे 2004 मध्ये कायदा झाला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंद नगरपालिकेने ठेवायची आणि लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस करायची. म्हणजे सरकारला वही घालून काकू नेमाव्या लागल्या.

आपल्याकडेही अहमदाबादेत मे 2010 मध्ये 1,344 जास्तीचे मृत्यू नोंदले गेले, त्यातूनच 2013 ची उष्णता कृती योजना आली. चांगलीच गोष्ट आहे. इशारे येतात, फोनवर येतात, लाल-नारिंगी रंगात येतात. पण 'उद्या पारा चढणार' हे शहराला कळणं वेगळं, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाने आज पेपर उचलला नाही हे कळणं वेगळं. दुसरी बातमी कुठलंही खातं देऊ शकत नाही. ती समोर बसलेलं माणूसच देतं.

आता कोणी म्हणेल, काकूंचं काय कौतुक लावलंय, हीच बाई तिसऱ्या मजल्यावरची मुलगी रात्री किती वाजता येते हेही सांगते की! सांगते. आणि त्याबद्दल मला अजूनही तितकाच राग आहे. त्या मुलीला दोन वर्षं जिन्यात मान खाली घालून चढताना मी पाहिलंय. काकूंच्या त्या बातम्यांनी कोणाचा जीव वाचला नाही, एकीचा जीव नकोसा मात्र झाला. परवा मी पहिल्यांदाच त्यांना हे तोंडावर बोललो. म्हटलं, काकू, कोण दिसलं नाही ते जरूर सांगा, पण कोण कोणाबरोबर दिसलं ते सोडा. त्या म्हणाल्या, "बघताना काय निवडून बघायचं असतं का रे?" मी म्हटलं, बघा सगळं, सांगताना निवडा. पटलं की नाही माहीत नाही. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणजे थोडंफार लागलं असावं.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहे, नाही असं नाही. 64 मेंबर. त्या मंगळवारी सकाळी तिथे काय होतं ते मी नंतर मुद्दाम वर सरकवून पाहिलं. गुलाबाच्या फुलांसकट अकरा सुप्रभात, एका दूरच्या देशातल्या वादळाचा व्हिडिओ, पार्किंगवरून भांडण, आणि नऊ वाजून चाळीस मिनिटांनी 'उष्माघातापासून कसे वाचाल' असा फॉरवर्ड. त्याला अठरा अंगठे. त्या अठरा जणांतला एक मी. आणि त्याच वेळी त्याच बिल्डिंगमध्ये दोन जिने वर एक माणूस एका पायात बूट घालून गाडीची वाट बघत बसला होता.

म्हणून मी काही मोठी मोहीम वगैरे काढलेली नाही. मला तशा गोष्टी जमत नाहीत आणि जमणारी माणसं मला दमवतात. तीन-चार साध्या गोष्टी केल्यात. आजोबांच्या घराची आणखी एक किल्ली आता माझ्याकडे आहे. तळमजल्यावरची खोली स्लॅबपासून लांब, त्यामानाने गार; ती दुपारी बारा ते पाच उघडी ठेवायची आणि वरच्या मजल्यावरच्यांनी तिथे येऊन बसायचं ठरलंय. आजोबा येत नाहीत, 'मी काय आजारी आहे का' म्हणतात. पण बुद्धिबळाचा पट मांडला की 'सहज आलो होतो' म्हणत येतात. ट्रान्सफॉर्मर रात्रीच का उडतो हेही त्याच खोलीत कळलं. आमच्यात एक निवृत्त वायरमन राहतात, हे मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, पूर्वी रात्री लोड उतरायचा, हवा गार व्हायची, आतलं तेल थंड व्हायचं. आता रात्रभर सगळ्यांचे एसी चालू आणि भिंती दिवसाचं ऊन रात्री ओकतायत. त्यालाही विसावा नाही आणि आपल्यालाही.

मांजरीच्या पिलांचे डोळे उघडलेत. तीन आहेत, एक अगदी पांढरं. स्कूटरवाल्याने स्कूटरला पुठ्ठ्याची सावली केली आहे. सातांपैकी चार फुलं वायरमनकाकांनी गच्चीवरून काढून दिली, तीन पन्हळीत आहेत.

आज आजोबांनी पेपर सव्वासहाला आत घेतला. काकूंचं म्हणणं आहे सहा वाजून दहा मिनिटांनी.