एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : टेबलं उडालेली नाहीत

नमस्कार,

ऐन कामाच्या वेळी तुमचा रिपोर्ट अडकला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. तुम्ही चिडलात यात नवल नाही.

पण तुमच्या रिव्ह्यूतल्या एका वाक्यावर गप्प बसणं आम्हाला परवडणार नाही. "अपडेट केल्यावर या टूलने माझी टेबलं उडवली, फक्त तीन शिल्लक आहेत," असं तुम्ही लिहिलंय. इंटरफेस जुनाट म्हणा, सपोर्ट हळू म्हणा, ऐकून घेऊ. पण डेटाबेसचं टूल डेटा उडवतं असं वाचल्यावर ते कोण डाउनलोड करेल? आम्ही मोजकी माणसं यावरच पोट भरतो. तुमचा रिव्ह्यू सध्या सगळ्यात वर दिसतोय.

टेबलं, म्हणजे डेटाबेसमधले माहितीचे तक्ते, जागेवर आहेत. तुम्हीच पुढे लिहिलंय की शेजारच्या सहकाऱ्याला याच टूलमध्ये, याच सर्व्हरवर सगळी टेबलं दिसतात. उडाली असती तर त्यांना कुठून दिसली असती? फरक लॉगिनचा आहे. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एरर क्रमांक ११४२ स्पष्ट वाचता येतो. या युजरला त्या टेबलवर सिलेक्ट करायची, म्हणजे त्यातली माहिती वाचायची, परवानगी नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा नकार तुमचा डेटा जिथे आहे त्या मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा आहे, आम्ही तो फक्त दाखवतो. तुमच्या अ‍ॅडमिननी बहुधा त्याच सुमारास तुमचं लॉगिन बदलून तीन टेबलांपुरतं केलं असावं. अपडेटही नेमकं तेव्हाच आलं आणि आळ आमच्यावर आला.

टेबलांची यादी आम्ही सर्व्हरच्या इन्फर्मेशन स्कीमातून, म्हणजे त्याच्याच नोंदवहीतून, घेतो. ही नोंदवही वाचायला कोणालाही मुभा असते, पण ज्या टेबलावर तुम्हाला काही ना काही हक्क आहे त्याचीच ओळ तिथे दिसते. बाकीच्या टेबलांबद्दल सर्व्हर ना एरर देतो, ना "आणखी आहेत पण दाखवत नाही" असं सांगतो. त्यामुळे टूललाही तीनच टेबलं आहेत असं वाटतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये उलट आहे. तिथे सिस्टम कॅटलॉग (तिथली नोंदवही) सगळ्यांना वाचता येतो, म्हणून टेबलांची नावं दिसतात आणि उघडायला गेल्यावर नकार मिळतो. ओरॅकल हे तिसरं डेटाबेस सॉफ्टवेअर तर परवानगी नसलेल्या टेबलाला सरळ "टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही" म्हणतं, एरर क्रमांक ओआरए-००९४२. तुमचा सर्व्हर पोस्टग्रेसचा असता तर हा रिव्ह्यू कदाचित आलाच नसता!

आणि एक साधी गोष्ट. टेबल काढून टाकायला ड्रॉपची परवानगी लागते. ज्या लॉगिनला नुसतं सिलेक्ट दिलंय, त्याने मनात आणलं तरी सर्व्हर टेबल उडवू देणार नाही. आमच्या टूलला तुमच्या लॉगिनपेक्षा वेगळे कुठलेही अधिकार नसतात.

बॅकअप होत नाही हे तुमचं गाऱ्हाणंही याच मुळाशी जातं. आमचं बॅकअपचं बटण आतून मायएसक्यूएलडंप हे मायएसक्यूएलचंच बॅकअपचं साधन चालवतं. ते ८.०.२१ या आवृत्तीपासून टेबलस्पेसची (डेटा डिस्कवर जिथे ठेवला जातो त्या जागेची) माहिती काढताना प्रोसेस ही परवानगी मागतं. ही परवानगी एका डेटाबेसपुरती देता येत नाही, अख्ख्या सर्व्हरची द्यावी लागते, आणि ती दिली की इतरांच्या चालू क्वेरीही दिसू लागतात. त्यामुळे अ‍ॅडमिन ती देत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. नो-टेबलस्पेसेस हा पर्याय लावला तर प्रोसेसची गरज उरत नाही. सेटिंग्जमध्ये "जादा पर्याय" म्हणून रकाना आहे, तिथे तो लिहिता येतो. हे आम्ही मेलमध्येही कळवलं होतं.

मेलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. "सपोर्टवाले रूटचा पासवर्ड वापरा म्हणाले" असं तुम्ही लिहिलंय. आमच्या मेलमध्ये रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य लॉगिनचं, नावही नाही. तुमच्या अ‍ॅडमिनसमोर, त्यांच्या लॉगिनने एकदा यादी पडताळून बघा, असं सुचवलं होतं. सोबत शो ग्रँट्स या, लॉगिनचे हक्क दाखवणाऱ्या कमांडचं उत्तर मागितलं होतं. स्वतःचे हक्क बघायला कुठलीही वेगळी परवानगी लागत नाही, एका ओळीचं काम आहे. त्या मेलला उत्तर आलं नाही, थेट रिव्ह्यू आला. थोडं थांबला असतात तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतो.

आता आमच्या बाजूचं. युजर्सच्या टॅबवर गेलं की टूल मायएसक्यूएलचं अंतर्गत युजर टेबल वाचायला जातं आणि नकार मिळाला की दर वेळी लाल चौकट येते. तिचा वैताग येतो हे खरं. मर्यादित लॉगिन असेल तर असे टॅब शांतपणे बंद ठेवायचे आणि यादीखाली "या लॉगिनला दिसणारी टेबलं" अशी ओळ द्यायची, असं डोक्यात आहे. पुढच्या एखाद्या आवृत्तीत जमवू.

स्टार वाढवा असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क. फक्त टेबलं उडवल्याचं वाक्य तेवढं दुरुस्त करावं ही विनंती. तिकीट अजून उघडंच आहे, शो ग्रँट्सचं उत्तर त्यातच पाठवा. आणि अ‍ॅडमिनकडे परवानग्या मागालच तेव्हा शो व्ह्यूही मागून घ्या. ती नसेल तर व्ह्यू (टेबलांवरून बनवलेलं तयार दृश्य) यादीत दिसेल, पण त्याची व्याख्या उघडणार नाही आणि तुम्हाला पुन्हा आमचाच राग येईल.

आपले,
टूलचे निर्माते