परदेशात हंस मारतात, मग आपल्याकडे बंदी कशाला?

उजनी, जायकवाडीच्या पाण्यावर पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, हिवाळ्यात उतरायची वेळ झाली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये रानहंसांची शिकार होते, तरी ते वाढतात. आपल्याकडे संस्थानिक मारायचे, तेव्हाही पक्षी संपले नाहीत. सायबेरियातून लाखोंनी येतात आणि पीक खातात. म्हणून बंदी उठवा, हंगाम सुरू करा.

पहिलाच मुद्दा अर्धवट आहे. ब्रिटनमध्ये गुलाबी पायांचे हंस खरंच वाढले. 1960 च्या सुमारास पन्नासेक हजार होते, आता पाच लाखांच्या घरात आहेत. त्यांची शिकारही होते, 1 सप्टेंबर ते 31 जानेवारी, भरतीच्या पट्ट्यात 20 फेब्रुवारीपर्यंत. पण मेलेला रानहंस तिथे विकता येत नाही, हंसांच्या कित्येक मुक्कामाच्या जागांवर बंदूक चालतच नाही, कापणीनंतरच्या शेतांत खाणं भरपूर असतं आणि दर शरदात मोजणी होते. हंस वाढले ते या सगळ्यामुळे, बंदुकीमुळे नव्हे.

त्याच देशात सॉल्वेच्या खाडीत उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरून येणारे बार्नेकल हंस 1940 च्या दशकाअखेर तीनशेच्या आसपास उरले होते. त्यांना संरक्षण मिळालं आणि आज ते हजारोंनी दिसतात. ग्रीनलंडच्या पांढऱ्या कपाळाच्या हंसाची शिकार आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये 1982 मध्ये थांबली. संख्या दुपटीहून वाढली, पण पिल्लं कमी होऊ लागली आणि 1999 नंतर संख्या पुन्हा घसरली. बंदी असूनही ही गत झाली. अशा घसरणीत शिकार चालू असती तर काय उरलं असतं? हे उदाहरण मात्र त्या मजकुरात कुठेच नाही.

संस्थानिकांचं म्हणाल तर राजस्थानातल्या भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पाडले गेले. शिकारींचे हे आकडे तिथे दगडावर कोरलेले आहेत. जिवंत किती उरले, ते त्यावर नाही. मग ‘पक्षी संपले नाहीत’ हे कशाच्या आधारावर म्हणायचं? 1972 चा वन्यजीव कायदा आणि शिकारीचे परवानेच बंद करणारी 1991 ची दुरुस्ती आली, ती अशा बेहिशेबी शिकारीनंतर.

आता ‘सायबेरियातून लाखोंनी’. पट्टकदंबाची घरटी मुख्यतः तिबेट, चीनमधलं छिंगहाय, मंगोलिया आणि आपल्या लडाखच्या सरोवरांकाठी असतात. जगभरात मिळून हे पक्षी साधारण लाखाच्या घरात. 2005 मध्ये छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यांत पट्टकदंब फार मोठ्या संख्येने होते. थोड्याच सरोवरांवर वीण करणाऱ्या पक्ष्याला एक साथसुद्धा केवढा फटका देते! शिवाय ते कुटुंबाने येतात, पहिल्या हिवाळ्यात पिल्लं आईबापांसोबतच असतात. छर्रा आधी कोणाला लागणार, हे बंदूकवाल्याच्या हातात नसतं.

पिकाचा मुद्दा तेवढा खरा आहे. हंस रात्री हरभऱ्यात, गव्हात उतरतात आणि कोवळं रोप खुडतात. शेतकऱ्याची तक्रार खोटी ठरवू नये. स्कॉटलंडच्या आयला बेटावर हंस चरू देणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार पैसे देतं. नुकसान कमी करण्यासाठी तिथे काही हंस मारलेही गेले, पण तेही मोजणी करून. उजनीकाठच्या शेतकऱ्यासाठी मागायचंच असेल तर वेळेवर पंचनामा आणि रोख भरपाई मागा. बंदुकीचा परवाना मिळून त्याचा हरभरा परत उगवणार नाही.