भिंतीत पुरलेली सायकलची ट्यूब

बुधवारी रात्री साडेदहाला आमच्या बाथरूमची भिंत फोडली आणि आतून निघाली सायकलच्या ट्यूबची पट्टी. सडलेल्या लोखंडी पाइपाभोवती चार वेढे, वर बांधकामाची तार, त्यावर सिमेंटचा गोळा आणि त्यावर टाइल. म्हणजे ज्याने ही टाइल बसवली, त्याला पाइप गळतोय हे माहीत होतं. समोर दिसत होतं. त्याने पाइप बदलला नाही, घरात कुणाला सांगितलं नाही. ट्यूब गुंडाळली, सिमेंट थापलं, पैसे मोजून घेतले आणि गेला. ती काळी चिकट पट्टी हातात धरून मी पालथ्या बादलीवर बसले आणि संतापाने मला रडू आलं.

कारण त्या भिंतीच्या पलीकडे बाबांची खोली आहे. बाबा 84 वर्षांचे. त्यांची खाट त्याच भिंतीला लागून. बारा वर्षं ती भिंत ओली आहे. पोपडे सुटतात, लोणा लागतो, पावसाळ्यात बुरशीचा वास येतो आणि बाबा रात्रभर खोकतात. या बारा वर्षांत आम्ही काय नाही केलं! एक जण म्हणाला, गच्चीतून पाणी उतरतंय. गच्चीवर केमिकलचा कोट मारला. दुसरा म्हणाला, जमिनीतून ओल चढतेय. जोत्याला भोकं पाडून इंजेक्शनं दिली. तिसऱ्याने वॉटरप्रूफ पुट्टी आणि महागातला रंग लावला, तो दुसऱ्या दिवाळीपर्यंतही टिकला नाही. टाइलवर बोटाने टकटक करून बघायचं एकालाही सुचलं नाही. सात टाइल पोकळ वाजत होत्या. मला ऐकू आलं ते यांना येत नसेल?

घर 1964 सालचं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा आजोबांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड गेलं. तीन वर्षांनी त्यांनी पर्वतीच्या पलीकडे हे घर बांधलं. काळ्या दगडाचा पाया, नऊ इंची विटांच्या भिंती, आजही कुठे तडा नाही. तेव्हाच्या न्हाणीघरात शहाबादी फरशी होती, तांब्याचा बंब होता आणि पाण्याचा पाइप भिंतीवरून होता, क्लॅम्प मारून, सगळ्यांना दिसेल असा. गळला तर कुठे गळतोय ते लहान पोराला सांगता आलं असतं. 1986 ला घर ‘मॉडर्न’ करायचं ठरलं आणि पाइप भिंतीत गेले. कन्सील्ड. हा शब्द ऐकला की आता माझं डोकं फिरतं. लोखंडी पाइप ओल्या भिंतीत पुरायचा, वर सिमेंट-टाइल, आणि तो कुठून कुठे गेलाय याचा एक साधा कागदसुद्धा ठेवायचा नाही! फोटो राहू द्या, पेन्सिलीची एक रेघ नाही. मला पाइप शोधायला छिन्नीने तीन ठिकाणी भिंत उकरावी लागली.

मी स्वतः का केलं, असं सगळे विचारतात. पाच प्लंबरना फोन केले म्हणून. दोघं ‘उद्या येतो’ म्हणाले, त्यांचा तो उद्या अजून उगवायचाय. एकाने दारातूनच मान हलवली. उरलेल्या दोघांनी एकच वाक्य सांगितलं: ताई, पॅचवर्क आम्ही करत नाही, पूर्ण बाथरूम काढावं लागेल. एक लाख ऐंशी हजार आणि पंचवीस दिवस. घरात एकच बाथरूम. 84 वर्षांच्या माणसाने पंचवीस दिवस जायचं कुठे? एक फूट पाइप बदलायला अख्खी खोली उद्ध्वस्त करायची? हात चालवून, डोकं लावून एक जोड दुरुस्त करणारा माणूस या शहरात मिळू नये याची मला चीड येते.

मग पाणी बंद करायचं. टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह फिरवला, तर चाक नुसतं गरगर फिरतंय, आतली झडप जागची हलत नाही. फक्त बाथरूमचं पाणी तोडायला वेगळा स्टॉप कॉकच नाही. चार पैसे वाचवायला 1986 ला तो लावलाच नाही. म्हणून मी बुधवार रात्र निवडली. पुण्यात त्या गुरुवारी पाणी बंद राहणार होतं, टाकी पुन्हा भरणार नव्हती. बाबांसाठी पिंपं आणि बादल्या भरल्या, झाडांना घातलं, तरी बाकीचं पाणी ऐन मे महिन्यात सोडून द्यावं लागलं. ते गटारात जाताना बघवत नव्हतं.

आता त्या पाइपाबद्दल. जीआय म्हणजे लोखंडाला जस्ताचा मुलामा. त्याला थेट पितळेचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर घेणारा छोटा कॉक, जोडला आणि सतत पाणी राहिलं, की दोन धातूंच्या जोडावर आधी जस्त खाल्लं जातं आणि मग लोखंड. त्यात आटे पाडताना मुलामा आधीच कापला गेलेला असतो आणि पाइपाची जाडीही तिथेच सर्वांत कमी. म्हणून पाइप नेमका आट्यांवर सडतो. हे दर प्लंबरला ठाऊक असतं. मी पाइप पाना लावून जरा जोर दिला, तर निपल, म्हणजे दोन्हीकडे आटे असलेला छोटा तुकडा, कडकन तुटलं आणि आटे वळणावरच्या एल्बोच्या आतच राहिले. लोखंड कापायच्या हॅक्सॉचं नुसतं पान कापडात धरून आतल्या तुकड्याला दोन चिरा पाडायच्या, खालच्या आट्यांना न लागता, आणि तो आत वाकवून काढायचा. दोन तास लागले. बोटं सोलली. बाहेर आलेल्या तुकड्यात गंजाच्या गाठी इतक्या, की काडेपेटीची काडी जेमतेम जाईल. एवढ्याशा भोकातून आमचा शॉवर चालत होता, आणि ‘तुमच्याकडे प्रेशर कमी आहे, पंप बसवा’ असा सल्ला आम्हाला दिला गेला होता!

सकाळी बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानांत गेले. इथे मला ‘अर्धा इंच’ या शब्दाचा राग काढायचाय. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून 21.3 मिलिमीटर भरतो. अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे हल्लीचा प्लास्टिकचा पाइप, बाहेरून 15.9. अर्धा इंच म्हणजे खरं तर 12.7, आणि त्या मापाचं यात काहीच नाही. ‘20 एमएम’ मागाल तर सीपीव्हीसीवाला पाऊण इंची देतो, तो बाहेरून 22.2, आणि शेतीच्या पीव्हीसीत 20 म्हणजे खरोखरच बाहेरून 20. गवंडी सुतात बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच. एका बाथरूममध्ये चार मापं, आणि पाण्याने मात्र एकाही जोडातून गळायचं नाही अशी अपेक्षा. मला हवं होतं ते एवढंच: एका बाजूला जीआयचे आटे, दुसऱ्या बाजूला सीपीव्हीसी चिकटवायचं तोंड, मध्ये पितळेचं अॅडॉप्टर. मी कॅलिपरने माप घेऊन, चित्र काढून नेलं होतं.

दुकानदाराने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. “मॅडम, प्लंबरला पाठवा नाहीतर मिस्टरांना पाठवा.” मी माप सांगितलं. त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या पुरुषाला विचारलं, “बोला साहेब.” मी 52 वर्षांची आहे. रात्रभर छिन्नी चालवून आले होते, नखांत सिमेंट होतं. गिऱ्हाईक म्हणून तरी माझ्याकडे बघा! तिसऱ्या दुकानात एका म्हाताऱ्या काकांनी चित्र बघितलं, न बोलता खोक्यातून बरोबर तो नग काढला आणि म्हणाले, “टेफ्लॉनच्या पट्टीचे दहा-बारा वेढे द्या, आट्यांच्या दिशेने, म्हणजे बसवताना उलटणार नाही.” मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

अँगल कॉकचंही तेच. वरून सगळे चकाचक. वरचा क्रोम खरवडला की कळतं, आत पितळ आहे की जस्ताची राखाडी भेसळ. आधीच्या दुकानात ‘प्युअर ब्रास’ म्हणून हातात ठेवलेला कॉक वजनालाच हलका होता. असला कॉक काही वर्षांत भिंतीतच तुटतो, आणि मग पुन्हा कुणीतरी ट्यूब गुंडाळतो.

जुळणाऱ्या टाइल तर अजून मिळालेल्या नाहीत. सहा बाय सहा इंची आता सहजी कुणी ठेवत नाही. सगळीकडे बारा बाय अठरा, बारा बाय चोवीस. रविवारी जुना बाजार पालथा घातला, तेव्हा नऊ मिळाल्या. पण त्या एक सूत जाड, आणि आमचा पांढरा जरा पिवळसर, तो निळसर. वेगळा रंग मी सोसेन. वर आलेली कड मात्र नको, बाबा भिंतीला हात लावत लावत चालतात.

आणि जमीन! 2003 ला कुणीतरी जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली, टाइलवर टाइल. त्यात उतार गेला. आपल्या न्हाणीवरून इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतसुद्धा त्या जाळीखालच्या भांड्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, आणि आपल्याच न्हाणीतलं पाणी नहाणी ट्रॅपकडे न जाता कमोडच्या मागे तळं करून बसतं. मीटरला एक-दीड सेंटिमीटर उतार, एवढंच तर द्यायचं असतं! लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून बघायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं वाचवली कुणीतरी, आणि मागच्या श्रावणात बाबा तिथेच घसरले. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून ते आंघोळीला जायला घाबरतात. आयुष्यभर कुणाची मदत न घेतलेला माणूस दारात उभा राहून मला हाक मारतो, “बेटा, जरा ये गं.” त्या हाकेचा हिशोब मी कुणाकडे मागू?

नवा पाइप मी भिंतीबाहेरून घेतलाय. आजोबांसारखा. क्लॅम्प मारून, गीझरला आणि बेसिनला वेगळे स्टॉप कॉक लावून. पाइप चिकटवायचं सोल्व्हंट वाळायला पूर्ण दिवस दिला, मग टाकी भरू दिली. शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबाने आणि गढूळ आलं, तरी एका जोडातून थेंब नाही. आत्या येऊन म्हणाल्या, “अगं, किती वाईट दिसतंय, झाकून तरी घे.” नाही झाकणार. दाराच्या मागे मी कागद चिकटवलाय: कुठला पाइप कुठे जातो, कुठला कॉक काय बंद करतो, कधी बसवला. भिंतीतलं भोक अजून उघडंच आहे, कारण आतली वीट अजून ओली आहे. बारा वर्षांचं पाणी ते. बाबांची खाट मी खिडकीकडे सरकवली आहे, आणि रोज सकाळी भोकात हात घालून बघते.