आम्हाला कोणी कामाला जुंपलेलं नाही

‘जुना वाचक’ यांस,
स.न.वि.वि.

गॅलरीलगतच्या भिंतीचा गिलावा आम्ही घरच्या घरी केला, त्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. ‘उडवून टाक’ असा सल्ला घरातूनच मिळाला होता, तरी एकही शब्द न गाळता ती ठेवली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ओल वरच्या गच्चीतून येत असणार, तिथला कोबा आणि चायना मोझेक (पाणी अडवणारा थर आणि त्यावर बसवलेले टाइलचे तुकडे) नीट झाल्याशिवाय आतून गिलावा-पुट्टी करणं वाया जाणार, विजेचं काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्यावं, इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बघावं. आणि शेवटी हे वाक्य: ‘चार पैसे वाचवायला बायका-पोरांना भिंती फोडायला लावण्यापेक्षा सरळ माणूस बोलवा.’

एक गोष्ट आधीच मान्य करते. फोटोत बाबा स्टुलावर उभे आहेत आणि त्यांच्या पायात स्लीपर आहेत. तुमची नजर बारीक आहे. डोळ्यांवरचा गॉगलही कपाळावर सरकवलेला आहे, पण तो फक्त फोटोपुरता.

आता ते वाक्य. हा ब्लॉग बाई लिहिते हे तुम्हाला ठाऊक असणार, कारण तुम्ही स्वतःला जुना वाचक म्हणवता. मग कोणी कोणाला जुंपलं म्हणता? आमच्या घरात ड्रिल माझ्या हातात असतं. नवरा वाळू चाळतो, घमेली उचलतो, आणि ‘जरा लेव्हल धर’ म्हटलं की त्याला हमखास फोन येतो. सामानाची यादी मी काढते. पुण्याच्या रविवार पेठेत, हार्डवेअरच्या बोहरी आळीत मी जाते. ‘मॅडम, मिस्त्रीला पाठवा ना, त्याला कळेल’ असं ऐकवणाऱ्या दुकानदाराला कुठला वॉल प्लग कुठल्या बिटाच्या भोकात बसतो ते मीच सांगून आले आहे. तुमच्या वाक्यात आणि त्या दुकानदाराच्या वाक्यात मला फारसा फरक दिसला नाही. त्याने निदान तोंडावर म्हटलं.

पोरांचं म्हणाल तर एकच आहे, मुलगी, आठवीतली. थापी तिने स्वतः मागून घेतली. तिने लावलेला पहिला हात भिंतीवर कमी आणि फरशीवर जास्त पडला, हे खरं. पण गणिताच्या पुस्तकातलं गुणोत्तर तिला 1:4 चं माप घालताना समजलं, एक घमेलं सिमेंटला चार घमेली वाळू. क्लासची फी भरून हे जमलं नव्हतं.

बायकांनी भिंतीला हात लावणं ही काही माझी नवी फॅशन नाही. माझी आजी नारायण पेठेत वाड्यात भाड्याने राहायची. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या खोल्यांत पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर घरात गाळ आणि भिंतींची खालची माती सुटलेली. अर्धं शहर त्याच अवस्थेत, मिस्त्री कोणाकोणाकडे जाणार? आजीने आणि तिच्या जावेने माती भिजवली, भाताचं तूस कालवलं, खड्डे भरले, वर पांढऱ्या मातीचा हात दिला. मालकाने पुढे त्या कामाचे पैसे देऊ केले नाहीत, पण भाडं वाढवलं, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. सारवायचं असलं, दिवाळीच्या आधी चुना काढायचा असला, की बायका चालतात. हातात मशीन आलं की मात्र कोणीतरी तिला कामाला ‘लावलेलं’ असतं!

बाबांबद्दलही सांगते, कारण ‘माणूस बोलवा’ म्हणताना आमच्या घरात माणूस नाही असं तुम्ही गृहीत धरलंत. ते औंधच्या आयटीआयमधून फिटर झाले आणि निवृत्त होईपर्यंत भोसरीत टूलरूममध्ये होते. ज्यांनी आयुष्यभर मायक्रोमीटर धरला त्यांना भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा धरता येत नाही असं म्हणायचंय का? तुम्ही स्वतः कधी घमेलं उचललंय का, हे मी विचारणार नव्हते. विचारलं.

आणि माणूस बोलावून झालाय हो. गॅलरीची फरशी आम्ही पूर्ण दर देऊन, तयार कंत्राटदाराकडूनच बसवून घेतली होती. पाणी जायला मीटरला निदान 1 सेंटिमीटर उतार हवा, तो जाळीकडे हवा. त्याने दिला भिंतीकडे. धुतलेलं पाणी तिथेच साचायचं, आणि कोपऱ्यातल्या भिंतीला खालून लोणा (ओलीने येणारा पांढरा क्षार) लागला तो तेव्हापासून. बोलवायला गेलो तर ‘उद्या येतो’, मग ‘माणसं गावाला गेलीत’, मग फोनच बंद. ती फरशी उखडून उतार फिरवून घेतला तो बाबांनी, रबरी नळीत पाणी भरून लेव्हल काढत. हे सगळं मागच्या लेखात आहे. जुन्या वाचकाने ते वाचलेलं असायला हवं होतं.

भिंती फोडल्या हेही खोटं. एकही भिंत फोडलेली नाही. बीम-कॉलमला छिन्नी लागलेली नाही. पोकळ वाजणारा गिलावा विटेपर्यंत काढला, सांधे खरवडले, ब्रशने धुतले, भिंत आदल्या रात्री भिजवली आणि सुमारे 12 मिलिमीटरचा नवा थर दिला. मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. तुमचे बोलावलेले लोक दुसऱ्या दिवशी पुट्टी फासून पैसे मागतात, कारण रोज पाणी मारायला कोण येणार? ओल्या गिलाव्यावर पुट्टी टिकत नाही, पोपडे येतात. आमची पुट्टी अजून डब्यात आहे. लेखातही ‘पुट्टी गिलावा वाळल्यावर’ असंच लिहिलंय. आणि पैशांबद्दल एवढंच, की सुट्टीचे दिवस, मोडलेले बिट आणि बाबांचं पाठदुखीचं तेल धरलं तर फार वाचले नाहीत. वाचले तरी ते माझे आहेत.

विजेचं तुमचं वाक्य योग्य आहे, पण ते मला सांगायची गरज नव्हती. 2 किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर 9 अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याची वेगळी लाइन लायसन्सवाल्यानेच टाकली आहे, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) त्यानेच बसवला. मी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणून बदलले ते स्विच आणि पंखे, तेही मेन बंद करून आणि टेस्टर लावून. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलायला लायसन्सवाला कंत्राटदार लागतो असं विजेच्या नियमांत नाही. वाचून बघा.

ऑडिटचं सोसायटीच्या सभेत विचारा, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायचं असतं, हे मलाही माहीत आहे. मी सेक्रेटरी नाही.

राहिली ओल. गच्ची सोसायटीची, तिथली गळती काढण्याचा खर्चही सोसायटीचा, अर्ज दिलेला आहे. कोबा कुठे सुटलाय ते त्यांनी बघायचं. तोवर मी पोपडे धरलेल्या भिंतीकडे बघत बसायचं का? वरच्या कोपऱ्यात परवा पुन्हा पिवळट डाग दिसला, तो जुनाच असावा असं बाबांचं मत आहे. त्यावर सविस्तर पावसाळ्यानंतर लिहीन.

पुढचा भाग ओट्याखालच्या ट्रॉल्यांचा आहे. त्याखाली प्रतिक्रिया द्यायची असेल तर अवश्य द्या, फक्त नाव टाकून द्या.

कळावे.