प्रवासात फूटपाथ बघा, आणि खिशात टेप ठेवा

न दिसणाऱ्यांना वाट कळावी म्हणून फूटपाथवर बसवलेल्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशीचा फोटो बरेच जण काढतात. त्या फरशीवर रेघा आहेत की ठिपके, हे मात्र फार थोडे बघतात. सगळी गोम तिथेच आहे. उभ्या रेघा म्हणजे 'चालत राहा', ठिपके म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे': जिना, रस्ता, वळण किंवा फलाटाची कड. सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी 1965 मध्ये ही फरशी तयार केली आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. चौरस 30 सेंटीमीटरचा, उंचवटा साधारण 5 मिलिमीटर. त्याहून फार कमी ठेवला तर बुटाच्या तळव्यातून जाणवत नाही, वाढवला तर पाय अडखळतो. रंग पिवळा, कारण दृष्टी अधू असलेल्या अनेकांना थोडंफार दिसतं आणि करड्या जमिनीवर पिवळा उठून दिसतो. शोभेसाठी करड्यावर करडी फरशी बसवली की त्यांचा हा आधार गेलाच.

आता चेंबरचं झाकण कुठे येतं ते बघा. जपानमध्ये ओळीत झाकण आलं तर झाकणाच्या खोबणीतच फरशीचे तुकडे बसवलेले दिसतात. ओळ तुटत नाही. नक्कल करताना हाच भाग सुटतो. ओळ झाकणापाशी संपते, खांबाला जाऊन धडकते, नाहीतर सगळीकडे ठिपकेच लावलेले असतात. म्हणजे पावलोपावली 'थांब', म्हणजे काहीच सांगितलेलं नाही.

माझं ठाम मत असं आहे की परक्या शहरातून आपण वस्तू बघून येतो, ती का चालते ते बघून येत नाही. वस्तू फोटोत येते. तिचं चालणं उतारात, सांध्यात आणि सेकंदांत असतं, आणि ते मोजावं लागतं.

नेदरलँड्समधला गल्लीच्या तोंडाशी असलेला फूटपाथ घ्या. मोठ्या रस्त्याला छोटी गल्ली मिळते तिथे फूटपाथ खाली उतरतच नाही. तीच फरशी, तीच पातळी, सरळ पलीकडे. चढायचं गाडीने. त्यासाठी कडेला तिरक्या तोंडाचे तयार दगड बसवतात. उतार मुद्दाम आखूड आणि तीव्र असतो, म्हणजे चालकाला वेग जवळजवळ माणसाच्या चालीवर आणावाच लागतो. इथे पाटी लागत नाही. पण हाच उतार कोणी 'गाड्यांना धक्का बसू नये' म्हणून लांब आणि सौम्य केला, की वेग उतरत नाही आणि चालणारा उघड्यावर पडतो. रस्त्याच्या पातळीवरच लाल रंग फासला तर तेवढंही उरत नाही.

उलट पद्धतीत, म्हणजे फूटपाथच रस्त्याच्या पातळीला खाली उतरवला तर काय होतं, त्याचा हिशेब करा. कडेचा दगड 15 सेंटीमीटर उंच. व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतार (एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी) धरला तर रॅम्प 1.8 मीटर लांब होतो. फूटपाथ दोन मीटरचा असेल तर सपाट जागा उरते वीस सेंटीमीटर! सरळ पुढे जाणाऱ्याची चाकं तिरकी होणारच. शिवाय रॅम्पचा पायथा म्हणजे त्या कोपऱ्यातली सर्वांत खालची जागा. पाणी वाहत येतं त्या बाजूला, रॅम्पच्या आधी, गटाराची जाळी नसेल तर तिथे डबकं ठरलेलं. आणि जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्याच हव्यात. उभ्या असतील तर सायकलचं चाक किंवा व्हीलचेअरची छोटी पुढची चाकं फटीत अडकतात.

सिग्नलसाठी फोनमधलं स्टॉपवॉच पुरतं. 15 मीटर रुंद रस्त्याला सेकंदाला 1.2 मीटर ही चाल धरली तर 12.5 सेकंद लागतात. म्हातारं माणूस 0.9 ने चालतं. साडेबारा सेकंदांत ते सव्वाअकरा मीटरवर पोचतं, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा नेमकी शेवटची लेन बाकी असते. यावर सिंगापूरने 2009 पासून वापरलेला उपाय मला सर्वांत सभ्य वाटतो. ज्येष्ठ किंवा अपंग व्यक्तीने आपलं कार्ड खांबावर टेकवलं की हिरवा दिवा वाढतो, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंदांनी. सगळ्यांचा वेळ न वाढवता ज्याला हवा त्याला मिळतो. कार्ड न वापरता तोच प्रश्न सोडवायचा असेल तर रस्त्याच्या मध्ये थांबायला बेट हवं, चालण्याच्या दिशेने मोजलं तर निदान दोन मीटरचं. सव्वा मीटरच्या बेटावर बाबागाडी आणि ती ढकलणारं माणूस मिळून मावत नाहीत.

ब्रिटनमध्ये सिग्नलचं बटण दिसलं तर डब्याच्या खालून हात फिरवा. बऱ्याच ठिकाणी बोटात मावेल असा छोटा खाचदार शंकू लागतो. चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की तो फिरतो, न दिसणाऱ्या माणसाला बोटांनी कळतं. शेजारी दुसरं क्रॉसिंग असेल तर आवाजाने गोंधळ होईल, शंकूने होत नाही. रोममधल्या रस्त्यावरच्या लोखंडी नळांच्या वाकड्या तोटीला वर एक भोक असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी त्या भोकातून वर उडतं आणि ओणवं न होता पिता येतं. पेला नको, हलणारा भाग नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही.

बाकडं दिसलं तर आधी बसून बघा. बैठक 45 सेंटीमीटरच्या आसपास हवी, चाळिसाच्या खाली गेली की गुडघे दुखणाऱ्याला उठवत नाही. टोकाचे हात उठायला आधार देतात. मधले हात बहुतेक वेळा कोणी आडवं होऊ नये म्हणूनच असतात, आणि त्याला सोय म्हणणं मला पटत नाही.

सोबत तीन मीटरचा टेप ठेवा, नाहीतर आपली वीत आणि बूट किती सेंटीमीटरचे ते पाठ ठेवा. उतार फोनमधल्या लेव्हलने मोजता येतो. 1:12 म्हणजे पावणेपाच अंश. फोटो काढताना फरशीवर बूट ठेवा म्हणजे माप कळतं, आणि दुसरा फोटो फक्त सांध्याचा काढा: फरशी जिथे दगडाला मिळते, दगड डांबराला मिळतो. जमलं तर तीच जागा पाऊस पडून गेल्यावर आणि अंधारात पुन्हा बघा. पाणी कुठे साचलंय, दिव्याचा उजेड चालणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडतोय की नुसता रस्त्याच्या मध्यावर, आणि लोक आखलेली वाट सोडून कुठून जातायत, हे तेव्हाच दिसतं.